करणी राज्यकर्त्याची, नाव समाजाचं

१७ सप्टेंबरला सकाळी हिंगोलीत झेंडावंदन होतं. शाळेची मुलं रांगेत उभी असतात, पालकमंत्र्यांचं भाषण होतं, हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. १९४८ साली याच दिवशी हैदराबादच्या निजामाच्या फौजेनं शरणागती पत्करली आणि मराठवाडा मोकळा झाला. हिंगोली त्या वेळी परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता, स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. वसमतला हुतात्मा बहिर्जी शिंदे वापटीकरांच्या नावानं शिक्षणसंस्था उभी आहे. कळमनुरी, औंढा, सेनगाव कुठंही जा, निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांच्या आठवणी सांगणारी घरं भेटतात.

या तारखेचा आणखी एक संदर्भ आहे, तो सहसा कुणाच्या लक्षात नसतो. बरोबर दोन वर्षांनी, १७ सप्टेंबर १९५० रोजी, भारत सरकारनं इस्राएल या नव्या राष्ट्राला मान्यता दिली. हा निव्वळ योगायोग. पण इस्राएलविषयी आज जगभर जो वाद पेटला आहे, त्यातला सर्वांत अवघड प्रश्न मराठवाड्यानं आपल्या अंगावर झेललेला आहे. म्हणून हा लेख हिंगोलीतून लिहावासा वाटला.

प्रश्न असा. एखाद्या सरकारवर टीका केली, तर ती त्या सरकारच्या धर्माच्या लोकांवरची टीका होते का? इस्राएलच्या सरकारला, त्याच्या लष्कराला, त्याच्या धोरणाला कुणी चूक म्हटलं, तर तो माणूस ज्यूद्वेष्टा ठरतो का?

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासनं इस्राएलवर हल्ला करून सुमारे १,२०० माणसं मारली, अडीचशे लोकांना ओलीस नेलं. त्यानंतर गाझावर जे युद्ध लादलं गेलं, त्यात गाझाच्या आरोग्य खात्याच्या आकड्यांप्रमाणे ६०,००० हून अधिक पॅलेस्टिनी मारले गेले, त्यात बायका आणि लेकरं फार मोठ्या संख्येनं. या युद्धाविरुद्ध युरोप-अमेरिकेतल्या विद्यापीठांत आंदोलनं झाली आणि आंदोलकांवर ज्यूद्वेषाचा शिक्का बसू लागला. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठातल्या एका भारतीय संशोधकाला समाजमाध्यमांतून ज्यूद्वेष पसरवल्याचा आरोप ठेवून ताब्यात घेतलं गेलं. मे महिन्यात न्यायालयाच्या आदेशानं तो सुटला. मराठवाड्यातली मुलंही आता शिकायला अमेरिकेला जातात. त्यांच्या आईवडिलांच्या काळजीत या गोष्टीची भर पडली आहे.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. ज्यूद्वेष ही कुणी रचलेली कहाणी नाही. ज्यू लहान मुलांचं रक्त काढतात, ही अफवा युरोपात कित्येक शतकं फिरली आणि अनेकदा त्यापायी ज्यूंची कत्तल झाली. १९०३ साली रशियात एक बनावट मजकूर छापला गेला, ज्यू गुप्तपणे सगळ्या जगावर ताबा मिळवायला निघाले आहेत असं सांगणारा. तो खोटा असल्याचं कधीच सिद्ध झालं, तरी आजही तो मोबाइलवर नवा वेश घेऊन फिरतो. हिटलरच्या राजवटीनं ६० लाख ज्यू मारले. आपल्याकडे मात्र बसस्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर हिटलरच्या आत्मचरित्राचं मराठी भाषांतर व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं असतं. कडक हेडमास्तरला आपण सहज 'हिटलर' म्हणून मोकळे होतो. मराठी माणूस ज्यूंचा द्वेष करत नाही हे खरं आहे, पण त्यांच्यावर काय गुदरलं हेही त्याला नीट ठाऊक नाही. ते न जाणता या वादात बोलणं बेजबाबदारपणाचं आहे.

या जुन्या, खऱ्या आजाराला ओळखता यावं म्हणून २६ मे २०१६ रोजी बुखारेस्टमध्ये होलोकॉस्टच्या, म्हणजे त्या ज्यू संहाराच्या, स्मरणासाठी झटणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं ज्यूद्वेषाची एक 'कामचलाऊ व्याख्या' स्वीकारली. तिच्यासोबत ११ उदाहरणं जोडलेली आहेत. त्यांतली सात कुठल्या ना कुठल्या रीतीनं इस्राएल या राज्याशी संबंधित आहेत. त्याच मसुद्यात असंही म्हटलं आहे की इतर कुठल्याही देशावर होते तशी टीका इस्राएलवर केली तर तो ज्यूद्वेष नव्हे. कागदावर हे ठीक दिसतं. अडचण वापरात झाली. अनेक देशांनी, विद्यापीठांनी, नगरपालिकांनी ही व्याख्या नियमासारखी लावायला सुरुवात केली. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी एका आदेशानं ती सरकारी खात्यांच्या चौकशीत विचारात घ्यायला सांगितली. तेव्हा सर्वांत ठणकावून विरोध केला तो केनेथ स्टर्न यांनी. हे स्टर्न स्वतः ज्यू आहेत, ज्यूद्वेषाचे अभ्यासक आहेत आणि या व्याख्येचा मूळ मसुदा तयार करणाऱ्यांतले प्रमुख आहेत. तो मसुदा आकडेवारी गोळा करणाऱ्यांच्या सोयीसाठी होता, विद्यार्थ्यांची तोंडं बंद करण्यासाठी नव्हता, हे त्यांचं म्हणणं. मार्च २०२१ मध्ये दोनशेच्या आसपास अभ्यासकांनी, ज्यांत ज्यू अभ्यासक मोठ्या संख्येनं होते, जेरुसलेमच्या नावानं एक वेगळं निवेदन काढलं आणि राज्यावरची टीका कुठं संपते व समाजाचा द्वेष कुठं सुरू होतो, ही रेघ जास्त काळजीनं आखायचा प्रयत्न केला.

आता मराठवाड्याकडे वळू.

हैदराबाद संस्थानात १६ जिल्हे होते. त्यांतले औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी. प्रजा ८० टक्क्यांच्या वर हिंदू, राजा मुसलमान, कारभाराची भाषा उर्दू. सभा घ्यायची तर सरकारी परवानगी लागे. 'गश्ती निशाण ५३' हे शब्द त्या काळातल्या प्रत्येक कार्यकर्त्याच्या तोंडी होते, कारण साध्या बैठकीच्या आड हे परिपत्रक येई. त्यातून वाट काढत १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. परतूर त्या वेळी परभणी जिल्ह्यातच होतं, म्हणजे हिंगोलीकरांच्याच घरचं कार्य. गोविंदराव नानल अध्यक्ष होते. मागण्या नेमस्त होत्या.

पुढच्या वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन करायचं ठरलं. ध्येय होतं, निजामाच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती. राजाला हटवायची भाषाही नव्हती. तरीही सप्टेंबर १९३८ मध्ये, संघटना रीतसर उभी राहण्याच्या आधीच, तिच्यावर बंदी आली. कारण काय दिलं? ही संघटना जातीय आहे. म्हणजे मुसलमानांच्या विरोधातली आहे.

हे कारण नीट न्याहाळा. स्टेट काँग्रेस मागत होती कायदेमंडळ, भाषणस्वातंत्र्य, नागरी हक्क. ही मागणी एका कारभाराकडे होती. त्या कारभारानं ती मागणी उचलली आणि आपल्या धर्माच्या सगळ्या माणसांपुढे नेऊन ठेवली: बघा, हे तुमच्या विरुद्ध आहेत. सर अकबर हैदरी तेव्हा मुख्य कारभारी होते, अत्यंत बुद्धिमान माणूस. त्यांच्या सरकारला राजकीय मागणीचा राजकीय प्रतिवाद करणं अवघड नव्हतं. पण प्रतिवाद करायचा तर जगाला दाखवावं लागलं असतं की राज्यात कायदेमंडळाच्या नावानं काय आहे. जातीयतेचा शिक्का मारणं सोपं होतं. संघटनेचं नाव बदलण्यापर्यंत बोलणी झाली, तरी बंदी जुलै १९४६ पर्यंत उठली नाही.

या शिक्क्यामागे एक विचारही होता. मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनचे नेते बहादुर यार जंग यांनी 'अनल मलिक' हे सूत्र मांडलं. अर्थ असा की राजा म्हणजे केवळ प्रतीक, खरी सत्ता संस्थानातल्या प्रत्येक मुसलमानाची आहे. प्रत्येक मुसलमान हाच राजा. हे सूत्र एकदा मान्य केलं की पुढचं आपोआप घडतं. राजावर टीका म्हणजे प्रत्येक मुसलमानावर टीका. तहसीलदाराच्या लाचखोरीबद्दल ओरडाल तर तुम्ही हिंगोलीच्या कापूस पिंजणाऱ्या पिंजाऱ्याचा अपमान केलात. त्या बिचाऱ्या पिंजाऱ्याला राजेपण कधी मिळालं? त्याच्या पदरी कूळवहिवाटीचा पत्ता नव्हता, शाळा नव्हती. त्याला फक्त राजाची ढाल करण्यात आलं. लातूरचे वकील कासीम रझवी पुढे याच विचाराच्या जोरावर रझाकारांचे सरसेनापती झाले.

राजाच्या बाजूला सगळे मुसलमान आणि विरोधात सगळे हिंदू, अशी मांडणी वस्तुस्थितीलाही धरून नव्हती. निजामाच्या अखेरच्या मंत्रिमंडळात पिंगळे वेंकटराम रेड्डी उपपंतप्रधान होते. जहागिरदार आणि देशमुखांत हिंदू भरपूर होते आणि त्यांना निजामाचं राज्य सोयीचं होतं. दुसऱ्या बाजूला मख्दूम मोहिउद्दीन यांच्यासारखा शायर कामगारांना संघटित करून त्याच निजामाशी लढत होता.

२४ ऑक्टोबर १९३८ ला सत्याग्रह सुरू झाला. पहिली तुकडी नानलांची, तीन दिवसांनी स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थांची. उस्मानिया विद्यापीठात 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून विद्यार्थ्यांना वसतिगृहातून आणि वर्गांतून काढलं. ठिणगी औरंगाबादच्या महाविद्यालयात पडली होती. त्या मुलांना नागपूर विद्यापीठानं सामावून घेतलं.

पण त्याच दिवसांत आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचेही सत्याग्रह संस्थानात चालू होते. तिघांची उद्दिष्टं वेगळी होती, तुरुंग एकच होता. सरकारनं आनंदानं सगळ्यांची एक मोट बांधली: हे सगळे एकच, मुसलमानांचे वैरी. तेव्हा गांधीजींच्या सल्ल्यानं २४ डिसेंबरला स्टेट काँग्रेसनं आपला सत्याग्रह थांबवला. कार्यकर्ते तुरुंगात होते, अनेकांना हा निर्णय जिव्हारी लागला. आजही काही अभ्यासक त्याला चूक म्हणतात. मला तो बरोबर वाटतो. राजाशी भांडण आहे, शेजारच्या मोहल्ल्याशी नाही, हे निव्वळ म्हणून भागत नाही. ते दिसावं लागतं, आणि दिसण्यासाठी कधी कधी पाऊल मागं घ्यावं लागतं.

त्याच हिवाळ्यात गांधीजींनी ज्यूंविषयी एक लेखही लिहिला होता. वर्ध्याजवळच्या सेगावात, ज्याचं पुढं सेवाग्राम झालं, बसून. 'हरिजन'च्या २६ नोव्हेंबर १९३८ च्या अंकात तो आला. जर्मनीत ज्यूंची दुकानं आणि सभास्थानं जाळल्याला तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते. गांधीजींनी ज्यूंबद्दल मनापासून सहानुभूती व्यक्त केली, त्यांच्या छळाची तुलना आपल्याकडच्या अस्पृश्यतेशी केली. आणि तरीही पॅलेस्टाइनमध्ये अरबांवर ज्यूंचं राष्ट्र लादणं अन्यायाचं आहे, असं म्हटलं. जर्मनीतल्या ज्यूंना त्यांनी सत्याग्रहाचा सल्ला दिला, तो आज वाचताना अंगावर काटा येतो. जेरुसलेमहून तत्त्वज्ञ मार्टिन बुबर यांनी फेब्रुवारी १९३९ मध्ये त्यांना लांबलचक पत्र लिहिलं. नाझींच्या छळछावणीत सत्याग्रह म्हणजे काय हे गांधीजींना कळलेलं नाही, ज्यूंचं त्या भूमीशी असलेलं नातंही त्यांना उमगलेलं नाही, असं स्पष्ट सांगितलं. पण ज्यूद्वेष्टा म्हणून त्यांना उडवून लावलं नाही. ज्या माणसाचे दक्षिण आफ्रिकेतले अगदी जवळचे सहकारी, कॅलनबाख आणि पोलॅक, ज्यू होते, त्याच्याशी बुबर मुद्द्यानं भांडले. बुबर स्वतः अरबांसह एकत्र राज्य असावं या मताचे होते. तेव्हा मतभेद असे होते आणि ते बोलता येत होते.

आता शोएबुल्ला खान यांच्याकडे येतो, कारण या साऱ्या प्रश्नाचं मर्म त्यांच्या आयुष्यात आहे. ते हैदराबादचे तरुण उर्दू पत्रकार. 'रय्यत' या पत्रात ते होते, सरकारनं ते बंद पाडलं. मग त्यांनी 'इमरोज' काढलं. रझाकारांचे अत्याचार छापले, संस्थानानं भारतात विलीन व्हावं असं उघड लिहिलं. ऑगस्ट १९४८ मध्ये विलीनीकरणाचा आग्रह धरणारं काही मुसलमान नेत्यांचं निवेदनही त्यांनी छापलं. आता यांच्यावर मुसलमानद्वेषाचा शिक्का मारायचा कसा? मारता येत नव्हता. मग दुसरा शब्द काढला: गद्दार. २१ ऑगस्टच्या रात्री कचेरीतून घरी परतताना त्यांच्यावर हल्ला झाला. ज्या हातानं लिहायचे तो हात तोडला गेला. २२ ऑगस्टच्या पहाटे ते गेले. तिशीही गाठली नव्हती.

परका बोलला तर द्वेष्टा, आपला बोलला तर गद्दार. इस्राएलच्या धोरणावर टीका करणाऱ्या ज्यूंना आज नेमकं हेच ऐकावं लागतं. तेल अवीवच्या रस्त्यावर युद्ध थांबवा म्हणणाऱ्या हजारो इस्राएली नागरिकांना ऐकावं लागलं. न्यूयॉर्कमध्ये आंदोलनात बसलेल्या ज्यू विद्यार्थ्यांनाही ऐकावं लागलं.

इथवर वाचून कुणाला वाटेल की गल्लत फक्त राज्यकर्ते करतात. तसं नाही, आणि हे सांगितल्याशिवाय मराठवाड्याची गोष्ट पुरी होत नाही. १७ सप्टेंबर १९४८ नंतरच्या आठवड्यांत संस्थानात मुसलमानांची कत्तल झाली. भारत सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं खेडोपाडी फिरून अहवाल दिला. तिचा अगदी सावध अंदाज २७,००० ते ४०,००० मृत्यूंचा होता. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड हे आपले दोन. हा अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आला नाही. रझाकारांनी केलेल्या अत्याचारांचा हिशेब ज्यांच्याकडून चुकता केला गेला, त्यांतले बहुतेक शेतमजूर, विणकर, छोटे दुकानदार होते. निजाम मात्र २६ जानेवारी १९५० पासून राजप्रमुख म्हणून मानाने राहिला. जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना घरात लपवणारे हिंदूही त्या दिवसांत होते, हेही समितीनं नोंदवून ठेवलं आहे.

'अनल मलिक' म्हणणाऱ्यांनी सांगितलं होतं की राजा आणि मुसलमान एकच. सूड घेणाऱ्यांनी तेच खरं मानलं. दोघांचं गणित एक होतं, फक्त एकानं ते संरक्षणासाठी वापरलं आणि दुसऱ्यानं खुनासाठी.

महाराष्ट्रानं हे पुन्हा पाहिलं, नोव्हेंबर २००८ मध्ये. मुंबईवर हल्ला करणाऱ्या लष्कर-ए-तोयबाच्या अतिरेक्यांनी कुलाब्यातलं नरिमन हाऊस मुद्दाम हेरलं होतं. ते एक ज्यू प्रार्थना आणि अतिथी केंद्र. तिथं रबाय गाव्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांच्या पत्नी रिव्का यांच्यासह सहा जण मारले गेले. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा दाईनं उचलून बाहेर आणला म्हणून वाचला. मारलेल्यांपैकी कुणी इस्राएलचं धोरण ठरवत नव्हतं. ते ज्यू होते, एवढंच पुरेसं धरलं गेलं. हा ज्यूद्वेष आहे, उघडानागडा. इस्राएल म्हणजे सगळे ज्यू, हे समीकरण मांडणारा इस्राएलचा मंत्री असो की नरिमन हाऊसवर बंदूक रोखणारा अतिरेकी, समीकरण तेच. म्हणूनच जे टीकेला ज्यूद्वेष ठरवतात, ते ज्यूंचं रक्षण करतात असं मला वाटत नाही. राज्याच्या प्रत्येक कृत्यावर ते जगभरच्या ज्यूंची सही घेतात, त्यांना न विचारता.

आणि ज्यूंना विचारायचंच असेल तर आपल्याच मराठी ज्यूंना विचारावं. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचा वंश म्हणजे आपण, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी शब्बाथ म्हणून घाणा बंद ठेवत, म्हणून गावानं त्यांना नाव दिलं 'शनिवार तेली'. पेणकर, दिवेकर, रोहेकर, केहिमकर ही त्यांची आडनावं आपल्याच गावांची आहेत. बायबलातल्या कथांवर मराठीत कीर्तनं करणारा हा समाज. इथं त्यांना कुणी छळलं नाही.

इस्राएल झाल्यावर यांतले अनेक जण तिकडे गेले, आणि लगेचच त्यांना त्या राज्याशी भांडावं लागलं. १९५१-५२ साली नेगेव वाळवंटातल्या बेरशेबात आणि इतरत्र राहणाऱ्या भारतीय ज्यूंनी तक्रार केली की कातडीच्या रंगावरून आपल्याला कामात आणि घरात कमी लेखलं जातं. त्यांनी काय केलं? धरणं धरलं. आम्हाला परत भारतात पाठवा, ही मागणी केली, आणि १९५२ मध्ये शंभरावर माणसं खरोखर परत आली. पुढं १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठानं फर्मान काढलं की बेने इस्राएल माणसाचं दुसऱ्या ज्यूशी लग्न लागायचं असेल तर आधी त्याच्या पूर्वजांची पिढ्यान्पिढ्यांची तपासणी व्हावी. म्हणजे ज्यांनी कोकणात शतकानुशतकं शनिवार पाळला, त्यांच्या ज्यूपणावर ज्यूंच्याच राज्यात शंका. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये बेने इस्राएल कुटुंबं धरण्यावर बसली. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांना लक्ष घालावं लागलं. १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्राएलच्या संसदेनं ठराव करून बेने इस्राएल सर्वार्थानं ज्यू आहेत, त्यांचे हक्क समान आहेत, असं जाहीर केलं. त्याच महिन्याच्या अखेरीस धर्मपीठानं फर्मानातून त्यांचं नाव वगळलं.

त्या धरण्याला कुणी ज्यूद्वेष म्हटलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करा. रोहेकर-पेणकरांच्या लेकी-सुनांनी इस्राएलच्या राज्यसंस्थेला वर्णभेदी म्हटलं होतं, चारचौघांत, जेरुसलेमच्या रस्त्यावर. तसं म्हणता आलं म्हणून त्यांना न्याय मिळाला.

आपल्या कायद्याचं काय? दोन समाजांत तेढ निर्माण करणं हा आपल्याकडे गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम १५३-अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १९६. हे कलम गरजेचं आहे, कारण आपल्याकडे तेढ लावणारे उणे नाहीत. पण याच कलमाखाली ऑगस्ट २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात हातकणंगले पोलिसांनी एका प्राध्यापकावर गुन्हा नोंदवला. त्यानं व्हॉट्सअॅप स्टेटसवर कलम ३७० रद्द झालेल्या ५ ऑगस्टला काळा दिवस म्हटलं होतं आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. मुंबई उच्च न्यायालयानं गुन्हा रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांनी तो रद्द केला. सरकारच्या निर्णयाला विरोध करणं म्हणजे समाजात तेढ लावणं नव्हे, हा त्या निकालाचा गाभा. शब्दांचा परिणाम मोजताना कुणाच्या मनाचं माप घ्यायचं? त्यासाठी न्यायालयानं न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी १९४७ च्या सुमारास नागपूरच्या उच्च न्यायालयात घालून दिलेली कसोटी पुन्हा उचलली. माप घ्यायचं ते समंजस, खंबीर माणसाच्या मनाचं. प्रत्येक विरोधी मतात धोका पाहणाऱ्या दुबळ्या मनाचं नव्हे. ओकसाहेबांच्या या निकालाची प्रत प्रत्येक पोलीस ठाण्यात असायला हवी.

गाझाच्या प्रश्नावर मुंबईतही आवाज दाबला गेला. २०२४ मध्ये एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला समाजमाध्यमांवरच्या पॅलेस्टाइनविषयक पसंतीवरून नोकरी गमवावी लागली. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर गाझासाठी निदर्शनं करू द्या, ही डाव्या पक्षाची याचिका मुंबई उच्च न्यायालयानं फेटाळली. आपल्या देशातले कचरा, प्रदूषण, पुराचे प्रश्न बघा, असं न्यायालयानं सुनावलं. पुढच्या महिन्यात पोलिसांनी परवानगी दिली आणि निदर्शनं शांतपणे पार पडली.

मग ओळखायचं कसं? गावात राहून, मोबाइलवर आलेला मजकूर वाचताना? मी माझ्यापुरती एक रीत ठरवली आहे. वाक्यात करणी आहे की जात आहे, ते बघतो. 'इस्राएलच्या विमानांनी इस्पितळावर बॉम्ब टाकला' यात करणी आहे. ती खरी की खोटी हे तपासता येतं. 'ज्यू असेच असतात' यात फक्त जात आहे, तपासण्यासारखं काही नाही. मग मी त्या वाक्यात दुसऱ्या देशाचं नाव घालून पाहतो. म्यानमारच्या किंवा रशियाच्या सरकारबद्दल मी हेच म्हटलं असतं का? म्हटलं असतं तर ती टीका आहे. काही वेळा 'झायोनिस्ट', म्हणजे ज्यूंच्या राष्ट्राचा समर्थक, हा शब्द नुसता बुरखा म्हणून येतो. जगातल्या बँका, वर्तमानपत्रं, सरकारं 'झायोनिस्टां'च्या मुठीत आहेत असं कुणी सांगू लागला की समजावं, १९०३ चा तो बनावट कागदच परत आला आहे. आणि दूरच्या देशातल्या युद्धाचा जाब कुणी अलिबागच्या किंवा ठाण्याच्या ज्यू कुटुंबाला विचारू लागला, तर त्याला तिथल्या तिथं थांबवावं. रझाकारांचा जाब हिंगोलीच्या आजच्या मुसलमान पोराला विचारणाऱ्यालाही.

शिक्षकांना एक विनंती आहे. १७ सप्टेंबरच्या भाषणात आपण स्वामी रामानंद तीर्थांचं नाव घेतो, गोविंदभाई श्रॉफांचं घेतो, बहिर्जी शिंद्यांचं घेतो. यंदा त्यांच्यासोबत 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचंही नाव घ्या, आणि ते कुणाविरुद्ध लिहीत होते आणि कुणाविरुद्ध लिहीत नव्हते, हे मुलांना सांगा.